तीन महिन्यांचा हिशेब

तपासणीआधी दोन दिवस गोड बंद, रात्री हलकं जेवण, सकाळी लांब चक्कर. मग ‘डॉक्टरसाहेब, साखर नॉर्मल आली’ म्हणत रिपोर्ट पुढं करायचा. नांदेड असो की लातूर, सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत हे रोजचंच आहे. पण एचबीएवनसी ही तपासणी दोन दिवसांच्या पथ्यानं फसत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

हे सांगणारा मी स्वतः चार वर्षं ही तपासणी टाळत होतो. वडिलांना मधुमेह, माझी पन्नाशी उलटलेली, दिवसाला सात-आठ चहा. सुईची भीती नव्हती. आकडा मान्य करायचा धीर नव्हता. शेवटी रक्त दिलं. आकडा आला ७.४. पहिला विचार आला, लॅबचं चुकलं असेल. माझे रुग्णही हेच म्हणतात.

२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा लातूरकरांनी घागरी मोजून दिवस काढले. मोजून वापरणं आपल्याला नवं नाही. मी चहा दोनवर आणला, तोही बिनसाखरेचा. रोज अर्धा तास चालणं, गोळ्या वेळेवर. तीन महिन्यांनी ६.८.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. अवश्य जा. मात्र आधी दोन दिवस पथ्य करू नका. रोजचं जेवा आणि खरा आकडा बघा.