सौरसंच : काय बदलावे, काय राखावे

डिलाईल रोडच्या चाळींत राहून गावचे घर व जमीन सांभाळणारे आमचे पुष्कळ बांधव आहेत. गावी सौरदिवे मंदावले की ते मुंबईहून सबंध नवा संचच धाडू पाहतात. आमच्या मते हा अपव्यय होय. चांगले पॅनेल सुमारे २५ वर्षे चालते. थकते ती शिशाची बॅटरी, बहुधा ४-५ वर्षांत, आणि शुद्ध पाणी घालण्यात हयगय झाल्यास त्याहूनही लवकर. तेव्हा आधी पॅनेलवरील धूळ पुसावी, मग बॅटरी तपासून घ्यावी. जुन्या पॅनेलमागे नवे मोठे पॅनेल एका माळेत जोडू नये. अशक्त बैलाच्या चालीनेच जोडी चालते, तसा प्रवाह दुबळ्या पॅनेलइतकाच राहतो. निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, शिसे जमिनीत मुरते. २०२२ च्या नियमांन्वये ती जुन्या बॅटऱ्यांचे संकलन, नूतनीकरण वा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे द्यावी.