दुष्काळाच्या नावाने धरण, उसाच्या नावाने पाणी



भंडारदऱ्याचे धरण आपल्याला सहलीची जागा म्हणून दाखवतात. त्याची कुंडली कोणी दाखवत नाही. ती वाचली की ज्वारी-कपाशीचे रान कोरडे का राहिले, ते कळते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी दख्खन उजाड केले. इंग्रज सरकारने १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला. कोरडवाहू मुलूख दुष्काळातून वाचवण्यासाठी धरणे बांधायची असे ठरले. त्या धोरणातून अकोले तालुक्यात प्रवरेवर १९१० मध्ये भंडारदऱ्याचे काम निघाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. साठा सुमारे ११ टीएमसी. नाव मिळाले गव्हर्नर विल्सनचे. कारण दाखवले ज्वारीवाल्याच्या भुकेचे.

मग पाणी ज्वारीला का नाही?

साहेबाचा हिशेब सरळ होता. काळ्या रानातली ज्वारी बऱ्या साली जमिनीच्या ओलीवर पिकते. तिला पाणी लागते ते पाऊस दगा देईल त्या साली. पण सरकारी खजिन्याला पाणीपट्टी दर साल हवी. ऊस बारमाही पाणी पितो आणि बारमाही पट्टी भरतो. म्हणून कालव्यांवर उसाचे ब्लॉक पडले. १९३२ मध्ये साखरेला आयातीपासून संरक्षण मिळाले, कारखाने वाढले. दुष्काळ निवारण कागदावर राहिले.

१९४७ साली साहेब गेला. त्याचा १८७९ चा पाटबंधारे कायदा पुढे १९७६ पर्यंत चालला. कायदा बदलला, वहिवाट बदलली नाही. ज्याचा ऊस त्याचा पाट, ज्याची ज्वारी त्याचे आभाळ!

भंडारदऱ्याच्या खाली निळवंड्याचे बघा. धरणाची योजना १९७० ची. डाव्या कालव्यात पाणी सुटायला २०२३ उजाडले. त्रेपन्न वर्षे! संगमनेर, राहाता, सिन्नरच्या कोरडवाहू गावांतली एक अख्खी पिढी कालव्याची वाट बघत म्हातारी झाली.

आणखी खाली जायकवाडी. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटप आले, २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश झाला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागला. तरी २०२३ च्या हिवाळ्यात वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायची वेळ आली तेव्हा पुन्हा मोर्चे, पुन्हा कोर्ट. नगर-नाशिकवाला मराठवाड्यावर, मराठवाडा नगर-नाशिकवर. पण वरचा ज्वारीवाला आणि खालचा कपाशीवाला, दोघेही कोरडेच! जिल्ह्याजिल्ह्यांत भांडण लागले की पाणी कोणत्या पिकाला गेले, हे विचारायचे राहून जाते.

नीट ऐका. ऊसवाला शेतकरी आपला दुश्मन नाही. जे पीक खात्रीने विकले जाते ते त्याने लावले. दोष वाटपाच्या रीतीचा आहे.

बोटावर हिशेब करा. एकरभर उसाला पंचवीस-तीस पाळ्या लागतात. कपाशीला ऐन बोंडे भरताना किंवा ज्वारीला पोटरीत असताना दोन पाळ्या मिळाल्या तरी पीक हाती लागते. म्हणजे एका एकर उसाच्या पाण्यात बारा एकर कोरडवाहू रान तरते. १९०१ साली जे धरायचे ठरले होते, ते हेच!

हे होत नाही म्हणणाऱ्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला जावे. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने. कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला बंदी. भूमिहीनालाही हक्क.

म्हणून जिल्हा बैठकीत आपण एका सुरात मागायचे :

१. पिण्याचे पाणी बाजूला काढल्यावर पहिला हक्क ज्वारी-कपाशीच्या दोन पाळ्यांचा. उरेल ते उसाला.

२. पाणी मोजून द्या. आवर्तन शेपटाकडून सुरू करा, मुखाकडून नाही.

३. कालवा सल्लागार समितीत कोरडवाहू शेतकऱ्याला जागा द्या. किती पाणी सुटले, कुठल्या चारीला गेले, ते दर आवर्तनाला गावच्या फळ्यावर लिहा.

भीक नको, मेहेरबानी नको. आपल्या दुष्काळावर धरण मंजूर झाले आहे. त्याचे पाणी आता आपल्या रानात आले पाहिजे!