नव्वदला थरथर

गेल्या दोन महिन्यांत आमच्या गाडीचं तीनदा बॅलन्सिंग झालं, एकदा अलाइनमेंट झालं, आणि पुढच्या खेपेला "सस्पेन्शन उघडून बघू या" असा सल्ला मिळाला. तक्रार एकच. एक्स्प्रेस वेवर ८५ च्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं. ७० ला गाडी अगदी गुणी बाळ!

आता मी पडलो प्रोग्रॅमर. ऑफिसात कुणी "सर्व्हर स्लो आहे, रॅम वाढवू या" म्हणालं की मी लगेच त्याच्यावर घसरतो. आधी लॉग बघ, मग बोल. आणि इथे मात्र मुकाट्याने बिलं भरत होतो. लाज वाटली, खरंच.

मग एका रविवारी पहाटे बायकोला शेजारी बसवलं, हातात वही दिली आणि निघालो. ९० ला पाचव्या गिअरमध्ये, मग त्याच वेगाला चौथ्यात. इंजिनाचे फेरे वाढले, थरथर तेवढीच. म्हणजे इंजिन सुटलं. ब्रेक हलकेच दाबला, थरथर वाढली नाही. डिस्कवरचा संशय गेला. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी फरक नाही, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टही बहुधा ठीक. उरली चाकं. थरथर हातात जाणवली तर बहुतेक पुढची, सीटखाली जाणवली तर मागची.

आणि चाकाला फार काही लागत नाही हो. ९० च्या वेगाला आपल्या साध्या गाडीचं चाक सेकंदाला जवळपास १३ फेरे घेतं. १५ इंची रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅम कमी-जास्त असले तर बाहेरची ओढ होते साधारण पावणेचार किलो! वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट. म्हणून ७० ला पत्ता लागत नाही.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्याकडे जाऊन पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे, एवढंच करून घेतलं. बाकी कशाला हात नाही. एका वेळी एकच बदल. परत चक्कर मारली, आणि थरथर हातातून सीटखाली गेलेली! मग ती दोन चाकं मशीनवर चढवली, आणि या वेळी स्क्रीनकडे न बघता टायरकडे बघत उभा राहिलो. स्क्रीनवर शून्य-शून्य, आणि डाव्या चाकाचा टायर चक्क डुलतोय. आतल्या बाजूला, गाडीवर असताना दिसणारच नाही अशा जागी, लिंबाएवढा फुगा. कुठल्या तरी खड्ड्यात आतले दोरे तुटले होते.

मशीन वजनाचा समतोल मोजतं. टायर गोल आहे का, शाबूत आहे का, हे बघणं माणसाचं काम. आम्ही मरायला टेकलेल्या टायरला तीनदा शिसं चिकटवलं. दर वेळी थरथर थोडी कमी व्हायची आणि मी खूश! एरर दिसायची बंद केली की बग गेला असं मानणाऱ्या नवशिक्यासारखा. त्याच दोन महिन्यांत आई-बाबांना घेऊन, डिकी भरून, आम्ही कोल्हापूरला जाऊन आलो होतो. आठवलं आणि पोटात गोळा आला.

गॅरेजवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण मी तरी काय सांगितलं होतं? "बॅलन्सिंग करून द्या." डॉक्टरकडे जाऊन दुखणं न सांगता गोळीचं नाव सांगण्यातला प्रकार. त्यांनी गोळी दिली. माझं म्हणणं एवढंच, की निदानाचा अर्धा भाग चालवणाऱ्याचाच असतो. कितीला सुरू होते, हातात की सीटखाली, ब्रेक दाबल्यावर काय होतं, या तीन गोष्टी आपल्याशिवाय कुणालाच माहीत नसतात.

समृद्धीवर आता १२० ची मर्यादा आहे. म्हणजे ६० च्या चौपट ओढ, तीही तासन्‌तास. निघण्याआधी एकदा खाली वाकून टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

असो. दोन नवे टायर बसले. वही अजून डॅशबोर्डमध्येच आहे.