जुन्या गाण्यांचे अर्थकारण

अमेरिकेतील लहान गावांच्या नभोवाणी केंद्रांवर जुन्या 'कंट्री' गीतांची लोकप्रियता आजही टिकून आहे. गतकाळाचा मोह म्हणून तिची संभावना करणे योग्य ठरणार नाही. नॅशव्हिलच्या केंद्राने १९२५ साली या संगीताची साप्ताहिक मैफल सुरू केली. पुढे केंटकीतील खाणकामगाराची कन्या लॉरेटा लिन आणि ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियात आलेल्या स्थलांतरितांचा पुत्र मर्ल हॅगार्ड यांच्या गीतांत श्रमिकांना आपलेच जीवन ऐकू आले.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने मात्र एका मालकाने देशभरात किती केंद्रे बाळगावीत, यावरील मर्यादा उठविली. परिणामी काही वर्षांतच एकाच कंपनीकडे १,२०० हून अधिक केंद्रे एकवटली. मोठ्या जाहिरातदारांचा डोळा मुख्यतः २५ ते ५४ वयोगटावर असतो. साहजिकच साखळी केंद्रांच्या हिशेबात वृद्ध श्रोत्याला फारशी किंमत उरत नाही. गावच्या दुकानदाराला मात्र तोच श्रोता गिऱ्हाईक म्हणून हवा असतो आणि त्याच्या जाहिरातीवर स्थानिक केंद्र तग धरते.

तेव्हा हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. ज्या गावात दुकानाला टाळे लागेल, तेथे ही गाणी कोणाच्या बळावर ऐकू येणार?