सुराला धर्म नसतो, पण परवाना लागतो

संगीतसभेत दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, की माइकपाशी आलेले प्रमुख पाहुणे एक वाक्य हमखास म्हणतात: सुराला धर्म नसतो, जात नसते आणि राजकारण तर नसतंच नसतं. टाळ्या पडतात. मागे तंबोरे जुळत असतात, तबलजी हातोडीने गट्टे ठोकत असतो आणि श्रोते गाण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात. अशा वेळी या वाक्यावर शंका काढणं म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादात साखर कमी पडली म्हणण्यासारखं. कुणी काढत नाही. पण शंका काढायला हवी, कारण हे वाक्य वाटतं तितकं निरागस नाही.

आधी पूर्वपक्षाला त्याचं पुरतं माप द्यायला हवं. तो दुबळा नाही. उत्तरेतल्या किराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांच्याकडे कुंदगोळचे रामभाऊ शिकले आणि सवाई गंधर्व झाले. सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी शिकले. आजही मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि तिथे गाणारे-ऐकणारे कुणी एकाच धर्माचे नसतात. तिकडे कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँसाहेबांनी गोमंतकातल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांना घडवलं. पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे भास्करबुवा बखले तीन-तीन मुसलमान उस्तादांचे शागीर्द. असे दाखले समोर ठेवले की सुराला धर्म नसतो, हे जवळजवळ सिद्धच झाल्यासारखं वाटतं.

जवळजवळच. अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच घराकडे पाहावं. बडोद्याच्या माने घराण्यातल्या ताराबाई आणि खाँसाहेब यांचा संसार १९२२च्या सुमारास मोडला आणि ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्यानंतर अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीनाच्या सरस्वती झाल्या आणि पुढे राणे. सूर बापाकडचे राहिले, नावं आईकडची झाली. सुराला धर्म नसेलही. जाहिरातीवर ज्याचं नाव छापायचं, त्याला मात्र तो चिकटलेला असतो.

घर सोडून रस्त्यावर आलं, तर वाद्य कुठे वाजवायचं यावरून डोकी फुटलेली दिसतात. ऑगस्ट १८९३मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. पुढच्या वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. त्याआधी मोहरमच्या ताबुतांपुढे हिंदू वाजंत्री आणि हिंदू नाचे सर्रास असत. १८९४मध्ये मेळ्यांच्या पदांतून ताबुतांकडे पाठ फिरवण्याचा प्रचार झाला. त्याच वर्षी दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाजतगाजत जाणाऱ्या मेळ्यावरून हाणामारी झाली. पुढची कित्येक वर्षं पोलिसांचे हुकूम, वृत्तपत्रांतले अग्रलेख आणि पुढाऱ्यांची भाषणं एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: मशिदीपुढून जाताना वाद्यं थांबवायची की वाजवायची? त्या ढोलात राग नव्हता, बंदिश नव्हती. रस्ता कुणाचा, एवढंच तो विचारत होता.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ती दंगेखोरांची गोष्ट झाली, भक्तिसंगीताने माणसं जोडलीच ना? जोडली, यात शंका नाही. पण किती आणि कुठवर? चोखामेळा चौदाव्या शतकातला. त्याचे अभंग वारकऱ्यांनी सहाशे वर्षं टाळ-मृदंगाच्या गजरात गायले. पंढरपुरात त्याची समाधी मात्र देवळाच्या दारात, पायरीपाशी. त्याच्या जातीच्या माणसांना विठ्ठलाच्या मंदिरात जाता यावं म्हणून मे १९४७मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे अभंग आत गेला आणि अभंगकर्त्याचे वारस बाहेर राहिले, आणि ही व्यवस्था इतकी शतकं गाण्याला खुपली नाही. जे सहाशे वर्षं गाऊन झालं नाही, ते दहा दिवसांच्या उपोषणाने झालं. संगीत आपोआप माणसं जोडतं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

वाद्यांनाही जातीची वाटणी होती. सनई-चौघडा देवळाचा, संबळ गोंधळ्याचा आणि हलगी गावकीच्या कामात ठरावीक जातींच्या गळ्यात. तबल्याची पुडी चामड्याचीच आणि हलगीचीही चामड्याचीच. एकीला बैठकीत गादी मिळाली, दुसरी वेशीपाशी थांबली.

आता राजकारण. ‘कलेत राजकारण आणू नका’ हे वाक्य बहुधा दुसऱ्याच्या राजकारणाबद्दल म्हटलेलं असतं. स्वतःच्या राजकारणाला माणूस संस्कृती म्हणतो. पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांना आकाशवाणीवरून शुद्ध अभिरुची घडवायची होती. सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटत. मुसलमान गवयांच्या हाती पडून हिंदुस्थानी संगीत बिघडलं, असंही त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांच्या काळात सिनेसंगीत आकाशवाणीवरून हद्दपार झालं. श्रोत्यांनी काय केलं? रेडिओची खुंटी फिरवून सिलोन लावलं. अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाला’ने देश जिंकला आणि १९५७मध्ये विविध भारती काढून सरकारला ती गाणी परत आणावी लागली. शुद्धतेचा हा सगळा खटाटोप एका मंत्र्याच्या सहीने चालत होता. याला राजकारण म्हणायचं नाही, तर दुसरं काय म्हणायचं?

आणीबाणीत तर हा विनोद पुरता उघडा पडला. सरकारच्या प्रचाराच्या कार्यक्रमात सहकार्य करायला किशोर कुमार यांनी नकार दिला, म्हणून १९७६मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे हे प्रकरण आलं. बंद झालेली गाणी प्रेमाची, विरहाची, थट्टामस्करीची होती. एकाही गाण्यात राजकारणाचा शब्द नव्हता. एका हुकमाने ती सगळी राजकीय झाली.

युद्धाचं तर विचारायलाच नको. मराठीतलं सगळ्यात जुनं उपलब्ध पोवाडावाङ्मय रणातूनच उगवलं आहे. अफजलखानाच्या १६५९मधल्या वधावर अगिनदासाने पोवाडा रचला आणि त्याला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचं सांगतात. म्हणजे शाहिराची डफ-तुणतुण्याची साथ आणि दरबाराची थैली यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं. पण गंमत पुढे आहे. १८६९मध्ये महात्मा फुल्यांनी त्याच छंदात त्याच राजाचा पोवाडा लिहिला. त्यातला शिवाजी ‘कुळवाडीभूषण’, शेतकऱ्यांचा राजा आहे. चाल तीच, नायक तोच, राजकारण उलटं. नव्वद वर्षांनी बार्शीचे अमर शेख त्याच शाहिरी बाण्याने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटवत होते. पोवाड्यातून राजकारण काढून टाका म्हटलं, तर हातात राहील ती नुसती हाळी.

युद्धाचं प्रत्येक गाणं रणगर्जना असतं असंही नाही. चीन युद्धातल्या पराभवानंतर दोनच महिन्यांनी, २७ जानेवारी १९६३ला, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लता मंगेशकर ‘ए मेरे वतन के लोगो’ गायल्या. शब्द प्रदीप यांचे, चाल नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांची. त्या गाण्यात विजय नाही, आरोळी नाही, सूडही नाही. हरलेल्या देशाला उघडपणे रडायची मुभा लागत होती आणि ती त्या चालीने दिली. पंतप्रधान समोर बसले होते. हे राजकारण नव्हतं असं म्हणायला फारच भोळं असावं लागेल, आणि ते केवळ राजकारण होतं असं म्हणायला तितकंच बहिरं.

चौथा धागा बाईचा. बालगंधर्व १८८८ साली जन्मले आणि मराठी स्त्रीने नऊवारी कशी नेसावी, गजरा कसा माळावा, लाजावं कसं, हे त्यांच्याकडे पाहून घराघरांतल्या बायका शिकल्या. रंगभूमीवरचं स्त्रीत्व एका पुरुषाने शिकवलं, कारण प्रत्यक्ष स्त्रीला तिथे मज्जाव होता. ज्या बाया गात, त्यांना प्रतिष्ठितांच्या घरात दिवाणखान्यापलीकडे वाट नव्हती. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, साध्या पातळात, हावभाव न करता, पुरुष गवयासारखी बैठक घेऊन गायल्या. आज यात कुणाला काही विशेष वाटत नाही, हेच त्यांच्या धाडसाचं माप. स्वातंत्र्याच्या सुमारासही ज्यांचं खासगी आयुष्य लोकापवादाचं आहे अशा गायिकांना आकाशवाणीचं दार बंद करण्याचं धोरण निघालं. गवयाचं खासगी आयुष्य तपासायचं मात्र कुणालाही सुचलं नाही. तो पंडित, उस्ताद, खाँसाहेब किंवा बुवा. ती नुसती बाई: केसरबाई, मोगूबाई, हिराबाई, गंगूबाई. ‘विदुषी’ ही पदवी फार उशिरा आली.

इथे दुसरा प्रतिपक्षी उठून उभा राहतो. तो म्हणतो, मान्य, सगळं मान्य. मग सरळ सांगा की गाणं म्हणजे प्रचाराचं भोंगळ रूप, सत्तेचं हत्यार. धर्माने वापरलं, पक्षाने वापरलं, सैन्याने वापरलं. सौंदर्याच्या गप्पा हव्यात कशाला? हा पक्षही तितकाच खोटा आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर, नाटककार टिळकांचे शिष्य खाडिलकर. हेतू शंभर टक्के राजकीय. पण शंभर वर्षांनंतर फंडात किती रुपये जमले हे संशोधकांना ठाऊक, आणि त्या रात्री दोन गळे एकमेकांना कसे भिडले याची कथा नाट्यवेडी घरं अजून सांगतात. कारणामुळे माणसं जमली होती. पहाटेपर्यंत बसली ती गाण्यासाठी. नुसत्या प्रचाराला हे साधत नाही. साधत असतं तर प्रत्येक निवडणुकीतली गाणी दुसऱ्या दिवशी रद्दीत गेली नसती.

तेव्हा खरी मांडणी अशी. धर्म, राजकारण, युद्ध आणि लिंगभेद हे संगीताला बाहेरून लागलेले डाग नव्हेत. ती त्याची माती आहे. झाड म्हणजे माती नव्हे, पण मातीवाचून झाड नाही. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांकडे पाहावं. भास्करबुवांचे पट्टशिष्य, म्हणजे मुसलमान उस्तादांच्या विद्येचे वारस. हिंदू-मुसलमान स्नेहावरच्या ‘प्रभात’च्या ‘शेजारी’ला १९४१मध्ये संगीत त्यांचं. ‘वंदे मातरम्’ला चाल लावून तेच राष्ट्रगीत व्हावं म्हणून दिल्लीपर्यंत झगडले आणि हरले, २४ जानेवारी १९५०ला राष्ट्रगीत दुसरं ठरलं. डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्या १९५६मध्ये बाबासाहेबांच्या विनंतीवरून बुद्धवंदना स्वरबद्ध केली ती याच मास्तरांनी. सुराला धर्म-राजकारण नसतं, असं म्हणून हा माणूस आपल्या बैठकीत बसून राहिला असता, तर यातलं एकही काम झालं नसतं. तो प्रत्येक वेळी मैदानात उतरला, बाजू घेतली आणि सूर मात्र ढळू दिला नाही. शुद्धता म्हणायची तर हिला म्हणावी.

म्हणून पाहुण्यांनी टाळीचं वाक्य बाजूला ठेवून थोडे अडचणीचे प्रश्न विचारावेत. आजच्या मैफिलीत कोण गाणार, हे कुणी ठरवलं? हलगीवाला कुठे बसला आहे? मिरवणुकीतल्या ढोल-ताशा पथकात मुली आल्या, हे छानच झालं. तमाशाच्या फडातल्या कलावतीला गावात भाड्याने खोली मिळते का?

तमाशाचा विषय निघालाच आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाखाली तमाशावर बंदी घातली होती. अण्णा भाऊ साठ्यांनी त्याला ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली आणि कला तगली. पुढे बंदी उठली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. १९ फेब्रुवारी २०२३पासून महाराष्ट्राला अधिकृत राज्यगीत आहे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि आवाज शाहीर साबळे यांचा. ते लागलं की मंत्री उभे राहतात. आणि शाहिराच्याच परंपरेतल्या लोकनाट्याला आजही प्रयोगाआधी आपली संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते.