चार गुणांची तूट: हार्ट्सचा १९१४-१५चा हंगाम आणि ‘स्वेच्छा’ या शब्दाची किंमत

१. स्कॉटिश लीगचा १९१४-१५चा अंतिम गुणतक्ता वरवर पाहता अगदी साधा आहे. सेल्टिक ६५ गुण, हार्ट ऑफ मिडलोथियन ६१, रेंजर्स ५०. आकड्यांत चूक कुठेही नाही. तरीही या तक्त्यावरून त्या हंगामाविषयी जो निष्कर्ष काढला जाईल, तो अपुरा ठरेल. त्याचबरोबर या हंगामाची जी वीरकथा आज सांगितली जाते, तीही माझ्या मते तितकीच अपुरी आहे. या धाग्यात दोन्हींची उलटतपासणी करू.

२. प्रथम पार्श्वभूमी. हार्ट ऑफ मिडलोथियन, म्हणजेच ‘हार्ट्स’, हा एडिंबरा शहराचा क्लब. एडिंबऱ्यातील एका जुन्या तुरुंगाला लोक ‘मिडलोथियनचे हृदय’ म्हणत. तेच नाव वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीमार्फत पुढे या क्लबाकडे आले. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे एक जिव्हारी लागणारा टोमणा याच नावावरून बेतला गेला.

३. हार्ट्सने १८९५ आणि १८९७ मध्ये लीग जिंकली होती. त्यानंतर ग्लासगोच्या क्लबांचे वर्चस्व वाढत गेले. १९१४ मध्ये मात्र चित्र पालटण्याची चिन्हे दिसू लागली. व्यवस्थापक जॉन मॅकार्टनी यांनी तरुण संघ बांधला होता. टाइनकॅसल मैदानावर आर्चिबाल्ड लीच या प्रसिद्ध वास्तुतज्ज्ञाच्या आराखड्याप्रमाणे नवी प्रेक्षकदीर्घा उभी राहत होती. तिच्या खर्चासाठी पर्सी डॉसन हा हुकमी गोल करणारा खेळाडू ब्लॅकबर्न रोव्हर्सला २,५०० पौंडांना विकावा लागला. त्या काळी ही रक्कम विक्रमी होती.

४. डॉसनची जागा भरण्यासाठी लिव्हरपूलहून टॉम ग्रेसी आला. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, आणि त्याच महिन्याच्या मध्यास हार्ट्सने गतविजेत्या सेल्टिकला टाइनकॅसलवर २-० असे हरवून हंगामाला प्रारंभ केला. पहिले आठही सामने त्यांनी जिंकले. सतरा वर्षांनंतर अजिंक्यपद पुन्हा एडिंबऱ्याला येणार, असे वाटू लागले.

५. याच काळात ब्रिटनमध्ये एक वेगळाच वाद पेटला होता. सैन्यभरती अद्याप सक्तीची नव्हती. सक्तीचा कायदा जानेवारी १९१६ मध्ये संमत झाला. त्यामुळे १९१४ मध्ये माणसे मिळवण्याचे साधन एकच होते: मनवळवणी. आणि मनवळवणी व लज्जित करणे यांतील सीमारेषा फार पुसट असते. ऑगस्ट १९१४ मध्ये फोकस्टन येथे चार्ल्स फिट्झजेराल्ड या निवृत्त ॲडमिरलने तीस स्त्रियांचा एक गट उभा केला. साध्या वेषातील तरुण दिसला की त्याच्या हाती पांढरे पीस द्यायचे, हे त्यांचे काम. पांढरे पीस म्हणजे भित्रेपणाची खूण.

६. फुटबॉल या मोहिमेचे ठळक लक्ष्य ठरले. धडधाकट तरुण चेंडूमागे धावतात आणि हजारो तरुण ते पाहत बसतात, हे दृश्य अनेकांना असह्य झाले. वृत्तपत्रांतून पत्रे येऊ लागली. फ्रेडरिक चॅरिंग्टन या मद्यपानविरोधी प्रचारकाने फुटबॉल बंद पाडण्याची मोहीमच उघडली. लीगमध्ये सर्वांत पुढे असलेला हार्ट्स साहजिकच नजरेत भरला.

७. येथे थोडे थांबून एक प्रश्न विचारू. त्याच काळात घोड्यांच्या शर्यती चालू होत्या. नाट्यगृहे आणि संगीतगृहे भरत होती. मग रोख व्यावसायिक फुटबॉलवरच का? माझ्या मते याचे उत्तर वर्गभेदात आहे. रग्बी हा प्रामुख्याने सुखवस्तू मध्यमवर्गाचा हौशी खेळ. त्याच्या संघटनांनी सामने तत्काळ थांबवले आणि वाहवा मिळवली. पण रग्बीपटूची चूल रग्बीवर पेटत नव्हती. व्यावसायिक फुटबॉलपटू कामगारवर्गातून आलेला, करारान्वये क्लबाला बांधलेला आणि वेतनावर जगणारा होता. त्याने खेळ सोडणे म्हणजे नोकरी सोडणे. हा फरक टीकाकारांनी सोयीस्करपणे नजरेआड केला.

८. नोव्हेंबर १९१४च्या मध्यास ‘एडिंबरा ईव्हनिंग न्यूज’मध्ये एका सैनिकाची कन्या म्हणवणाऱ्या व्यक्तीचे निनावी पत्र छापून आले. हार्ट्सने यापुढे ‘मिडलोथियनचे हृदय’ हे नाव सोडून ‘मिडलोथियनची पांढरी पिसे’ असे नाव धारण करावे, असा त्याचा आशय होता. घरच्या गावात, घरच्या वृत्तपत्रात, संघ अग्रस्थानी असताना हे शब्द छापले गेले. त्यांची धार किती असेल, याची कल्पना करता येईल.

९. वास्तविक हार्ट्सचे काही खेळाडू आधीच गणवेशात होते. जॉर्ज सिंक्लेअर आणि नील मोरलँड हे राखीव दलातले असल्याने त्यांना पाचारण झाले होते. जेम्स स्पीडी हा त्याच महिन्यात कॅमेरॉन हायलँडर्समध्ये आपणहून दाखल झाला होता. पण टीकेच्या भरात एवढा तपशील कोण पाहतो?

१०. याच सुमारास सर जॉर्ज मॅक्रे पुढे आले. कापडाच्या धंद्यातून स्वकष्टाने वर आलेले, एडिंबऱ्याचे माजी खासदार. वय चौपन्न. आपण पलटण उभारू आणि तिच्यासोबत स्वतः रणांगणावर जाऊ, असे त्यांनी जाहीर केले. २५ नोव्हेंबर १९१४ रोजी हार्ट्सच्या अकरा खेळाडूंनी या पलटणीत नाव नोंदवले. लवकरच हा आकडा सोळावर गेला. रॉयल स्कॉट्सची ही सोळावी बटालियन. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘मॅक्रेची बटालियन’ म्हणूनच राहिली.

११. खेळाडूंच्या मागोमाग हार्ट्सचे सुमारे पाचशे पाठीराखे भरती झाले. शहरातील कट्टर प्रतिस्पर्धी हिबर्नियनचे पाठीराखे आले. रेथ रोव्हर्स, फॉल्कर्क, डनफर्मलिन या क्लबांचे खेळाडूही आले. इंग्लंडमध्ये ‘फुटबॉलपटूंची बटालियन’ उभी राहिली ती यानंतर, डिसेंबरच्या मध्यास. फुटबॉलवाल्यांना देशाची पर्वा नाही, हा आक्षेप हार्ट्सने एका दिवसात खोटा ठरवला आणि खेळ चालू राहण्यास अवधी मिळवून दिला. पण तो मिळवण्याची किंमत एकट्या हार्ट्सच्या हंगामाने चुकती केली.

१२. कारण भरती झाली, तरी हंगाम संपला नव्हता. आठवडाभर कवायत, शनिवारी सामना. कधी सामन्याच्या आदल्या रात्री दहा-दहा तासांची कूच. लष्करी लसीकरणाचा ताण वेगळाच. काही खेळाडू सामन्यांना मुकू लागले, काहींचा खेळ मंदावला. तरीही ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात हार्ट्स सलग वीस सामने अपराजित राहिला. ग्लासगोतील सेल्टिकविरुद्धचा परतीचा सामनाही त्यांनी बरोबरीत सोडवला.

१३. सर्वांत हृदयद्रावक कहाणी टॉम ग्रेसीची. त्या हंगामात त्याने २९ गोल केले. लीगमध्ये त्याहून अधिक गोल कोणाचेही नव्हते. मार्च १९१५ मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. व्यवस्थापक मॅकार्टनींना हे ठाऊक होते. ग्रेसी खेळत राहिला आणि कवायतही करत राहिला. त्याच वर्षी २३ ऑक्टोबर रोजी तो ग्लासगोच्या रुग्णालयात मरण पावला.

१४. अखेरच्या टप्प्यात संघ कोसळला. मॉर्टन आणि सेंट मिरेन यांच्याविरुद्धच्या पराभवांनी अग्रस्थान गेले. संपूर्ण हंगामात ३८ सामन्यांत हार्ट्स केवळ चार वेळा हरला: २७ विजय, ७ बरोबरी, ४ पराभव. सेल्टिकचे ३० विजय, ५ बरोबरी, ३ पराभव. त्या काळी विजयाला दोन गुण मिळत. म्हणजे मॉर्टन आणि सेंट मिरेनविरुद्ध गमावलेले दोन सामने जिंकले असते, तर दोन्ही संघ ६५ गुणांवर बरोबरीत आले असते. तूट चार गुणांची, आणि दोन पराभवही चार गुणांचे.

१५. येथूनच ‘खरे विजेते हार्ट्सच’ हे कथन जन्मास आले. ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांतून एकही नामांकित खेळाडू सैन्यात गेला नाही, अशी टीका एडिंबऱ्याच्या वृत्तपत्राने हंगामाअखेरीस केली. ही भावना समजण्याजोगी आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती जशीच्या तशी स्वीकारू नये, असे मला वाटते.

१६. कारणे दोन. पहिले: सेल्टिकने ३८ सामन्यांत अवघे २५ गोल स्वीकारले आणि १९१४ ते १९१७ अशी सलग चार अजिंक्यपदे मिळवली. तो संघ कोणाच्या दुर्दैवावर उभा नव्हता. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे: ‘ते गेले नाहीत’ हा आरोप करणे म्हणजे पांढऱ्या पिसाचेच तर्कशास्त्र पुन्हा वापरणे होय. जे हत्यार नोव्हेंबरमध्ये हार्ट्सवर चालवले गेले, तेच एप्रिलमध्ये सेल्टिकवर उगारले गेले. सेल्टिकचा पीटर जॉनस्टन हा पुढे सैन्यात गेला आणि १९१७ मध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. भरतीची तारीख पाहून माणसाची प्रत ठरवता येत नाही.

१७. आता ‘स्वेच्छा’ या शब्दाकडे वळू. स्मारकांवर आणि लेखांत हे खेळाडू ‘स्वेच्छेने’ गेले असे म्हटले जाते. कायद्याच्या भाषेत ते खरेच आहे. पण ज्या निर्णयाआधी महिनोन्महिने टोमणे, पत्रे आणि पिसे आहेत, त्याला निव्वळ स्वेच्छा म्हणावे काय? याच महायुद्धात साताऱ्यासारख्या जिल्ह्यांतील गावांतून किती जण ‘गेले’, हे सांगणाऱ्या शिळा आपल्याकडेही आहेत. तेथेही ‘गेले’ या क्रियापदामागे दारिद्र्य, परंपरा, प्रतिष्ठा आणि दबाव यांचे मिश्रण दडलेले असते. शिळेवर मात्र केवळ संख्या येते.

१८. याचा अर्थ ती माणसे निव्वळ बळी होती, असाही नव्हे. असे म्हणणे म्हणजे त्यांच्याकडून त्यांचा निर्णयच हिरावून घेणे. स्पीडी त्या पलटणीची घोषणा होण्याआधीच गेला होता. मित्रत्व, शहराचा अभिमान, कर्तव्यबुद्धी या भावनाही खऱ्याच होत्या. दबाव होता आणि धैर्यही होते. दोहोंपैकी एक निवडण्याचा मोह टाळणे, हेच आपले काम.

१९. पुढे जे घडले ते थोडक्यात. स्पीडी २५ सप्टेंबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत पडला. १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, डंकन करी, अर्नेस्ट एलिस आणि हॅरी वॅटी मारले गेले. ऑगस्टमध्ये जेम्स बॉइड, आणि एप्रिल १९१७ मध्ये जॉन ॲलन. ग्रेसी धरून पहिल्या संघातील सात जण. बॉब मर्सर आणि पॅडी क्रॉसन विषारी वायूने बाधित होऊन परतले. दोघेही अकाली गेले. मर्सरने तर १९२६ मध्ये फुटबॉलच्या मैदानावरच अखेरचा श्वास घेतला.

२०. हार्ट्सला पुढचे लीग अजिंक्यपद मिळाले १९५८ मध्ये. हेमार्केट येथे १९२२ मध्ये घड्याळाचा स्मारकस्तंभ उभारला गेला आणि आजही दर नोव्हेंबरमध्ये तेथे लोक जमतात. ज्या गावी ही पलटण लढली, त्या फ्रान्समधील काँतालमेझाँ येथे स्मारक उभे राहिले ते मात्र २००४ मध्ये.

२१. म्हणून माझे मत असे: १९१४-१५चे अजिंक्यपद सेल्टिकचेच आहे आणि ते तसेच राहावे. हार्ट्सला ‘नैतिक विजेतेपद’ बहाल करून आपण त्या खेळाडूंचा सन्मान करत नाही. उलट त्यांना डिवचणाऱ्या समाजाला दोषमुक्त करतो. त्याग जितका उदात्त म्हणून रंगवावा, तितका तो कोणी मागितला हा प्रश्न मागे पडतो. त्या निनावी पत्राच्या लेखकाचे नाव कोणत्याही स्तंभावर नाही. सात खेळाडूंची नावे मात्र आपण वाचू शकतो.

२२. यापुढे एखादा जुना गुणतक्ता, हजेरीपट किंवा स्मृतिशिळा समोर आली, तर आकड्यांची शहानिशा अवश्य करा. पण तेवढ्यावर थांबू नका. ते आकडे कोणत्या परिस्थितीत तयार झाले आणि त्या परिस्थितीला जबाबदार कोण, हेही विचारा. माझ्या निष्कर्षाशी, विशेषतः सोळाव्या मुद्द्याशी, मतभेद असल्यास सप्रमाण मांडा. चर्चेचे स्वागतच आहे.