'पाठलाग'मधील सोयीचे मौन

रहस्यपटातील चुका दाखवणाऱ्याला आपल्या मराठी विभागांत अजूनही अरसिक ठरवले जाते. 'सिनेमा आहे, कोर्टाचा निकाल नव्हे' एवढे म्हटले की चर्चा संपते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील वर्गांतही हे वाक्य ऐकू येते आणि खेदाची गोष्ट अशी की, ते बहुधा विद्यार्थ्याच्या नव्हे, प्राध्यापकाच्याच तोंडी असते. या भूमिकेला आमचा स्पष्ट विरोध आहे.

राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) घ्या. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा हा चित्रपट इतका गाजला की, १९६६ मध्ये राज खोसला यांनी त्यावरून 'मेरा साया' काढला. पत्नीचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेला वकील नायक आणि 'मीच तुमची पत्नी' असे म्हणणारी आरोपी स्त्री, असा हा पेच. मेली ती जुळी बहीण, हा त्याचा उलगडा.

यातील तांत्रिक चुका कुणालाही सापडतील. खटल्यातील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार असलेला नायकच न्यायालयात तिला प्रश्न विचारतो. हे वकिली व्यवसायाच्या नीतीत बसत नाही. जुळ्यांचे चेहरे सारखे असले तरी बोटांचे ठसे वेगळे असतात आणि कोलकात्यात ठशांचे कार्यालय १८९७ पासूनच होते. पण अशा चुकांनी चित्रपट कोसळत नाही. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे, यापेक्षा चित्रच वाईट काढणे हा मोठा दोष, असे ॲरिस्टॉटलने केव्हाच सांगून ठेवले आहे. तेव्हा चुकांची नुसती यादी करून समीक्षा केल्याचे समाधान मानणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही.

खरे छिद्र निराळेच आहे. आपल्याला जुळी बहीण आहे, हे त्या स्त्रीला पहिल्यापासून ठाऊक असते. ते एक वाक्य उच्चारले तर पतीचा संशय आणि खटल्याचा पायाच डळमळेल. ती मात्र संसारातील खासगी आठवणी भर न्यायालयात सांगत राहते आणि हे एकच वाक्य अखेरपर्यंत राखून ठेवते. घराण्याची लाज हे कारण पुढे करता येईल. परंतु दरोडेखोरीचा कलंक आणि पतीचा नकार सोसणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ते तोकडे पडते. हे मौन पात्राचे नाही, पटकथाकाराचे आहे. तिला ते गरजेचे नाही. प्रेक्षकाला अंधारात ठेवण्यासाठी ते तिच्यावर लादलेले आहे.

भेद नेमका येथे आहे. कायद्यातील किंवा विज्ञानातील चूक ही माहितीची चूक असते. पात्राच्या हेतूतील छिद्र ही रचनेची चूक असते. पहिलीकडे काणाडोळा करता येतो, दुसरीकडे करता येत नाही, कारण रहस्यकथेचा वाचकाशी असलेला करारच तेथे मोडतो.

हा भेद आपण शिकवत नाही, कारण मुळात हा साहित्यप्रकारच आपण अभ्यासाच्या लायकीचा मानला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. आपल्या समीक्षेने त्यांच्या संख्येचे कौतुक केले आणि रचनेकडे पाठ फिरवली. परिणामी 'हे पटत नाही' असे विद्यार्थ्याने म्हटले की आपण त्याला गप्प करतो. वास्तविक 'का पटत नाही?' असे त्याला विचारायला हवे. समीक्षेचा पहिला धडा तोच आहे.